हार्मोनचा डॉक्टर

पाटीवर लिहिलेलं असतं : मधुमेह, थायरॉइड व हार्मोन तज्ज्ञ. बाकावरची बहुतेक गर्दी मात्र पहिल्या दोन शब्दांची असते. साखरेचे रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आलेले आजोबा, थायरॉइडची गोळी पंचवीसची पन्नास करून घ्यायला आलेल्या बाई, वर्गात सगळ्यांत बुटक्या राहिलेल्या मुलाला घेऊन आलेले आईवडील. त्यांच्यात एक पंचविशीची व्यक्ती मास्क नाकाच्या वर ओढून, मोबाइलमध्ये मान घालून बसलेली असते. केसपेपरवर आधार कार्डावरचं नाव आहे आणि ते पुरुषाचं आहे. बसलेली आहे ती मात्र गेली कित्येक वर्षं स्वतःला मनातल्या मनात दुसऱ्याच नावाने हाक मारणारी मुलगी. काउंटरवरचा माणूस जुनं नाव मोठ्याने पुकारतो. अख्खा बाक मान वर करून बघतो. उठायचं, की नंबर गेला तर गेला म्हणून जिना उतरायचा, हे ठरवायला तिच्याकडे दोन-तीन सेकंद असतात.

एस्ट्रोजेन-टेस्टोस्टेरॉनचं पुढे येईलच. सुरुवात बाकापासून केली, कारण पारलिंगी माणसाचा डॉक्टरचा शोध पुष्कळदा त्या बाकावरच संपतो.

शब्द आधी लावून घेऊ. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली पण जी स्त्री आहे, ती ट्रान्स स्त्री. मुलगी म्हणून नोंद झाली पण जो पुरुष आहे, तो ट्रान्स पुरुष. दोघांसाठी मराठीत ‘पारलिंगी’ हा शब्द हळूहळू रुळतो आहे. सरकारी कागदांत ‘तृतीयपंथी’ असतं. हिजडा ही गुरू-चेल्यांची जुनी परंपरा आहे आणि प्रत्येक ट्रान्स स्त्री तिच्यात असतेच असं नाही. प्रत्येकाला हार्मोन हवे असतात असंही नाही. कुणाला नाव बदललं की पुरतं, कुणाला कपडे, कुणाला शस्त्रक्रियेपर्यंत जावंसं वाटतं. ज्यांना हार्मोन हवे आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे प्रकरण आहे.

आपल्या शरीरातल्या ग्रंथी रक्तात जी रसायनं सोडतात ती हार्मोन, आणि त्यांच्या बिघाडाचा डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. तो तयार व्हायला वेळ लागतो. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, त्यानंतर आणखी तीन वर्षं डीएम. साडेअकरा वर्षं शिकून बाहेर पडलेला माणूस सहसा मोठ्या शहरात बसतो, आणि बसल्याबरोबर मधुमेहाचे पेशंट त्याला गिळून टाकतात. तालुक्याच्या गावी एंडोक्रायनॉलॉजिस्ट असेल ही अपेक्षा धरू नका. काही जिल्ह्यांच्या ठिकाणीही नसतो.

एवढं मात्र खरं, की यात लागणारी औषधं त्याच्या रोजच्या हातातली आहेत. ट्रान्स स्त्रीला देतात ते एस्ट्रॅडिओल व्हॅलेरेट पाळी गेल्यावर अंगातून वाफा येणाऱ्या बायकांना देतातच. टेस्टोस्टेरॉनचा परिणाम दाबणारं स्पायरोनोलॅक्टोन रक्तदाबासाठी आणि पीसीओएसमध्ये चेहऱ्यावर येणाऱ्या केसांसाठी वापरतात. ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन प्रोस्टेटच्या कर्करोगात आणि फार लवकर वयात येणाऱ्या लहान मुलींना दिलं जातं. ट्रान्स पुरुषाला लागणारं टेस्टोस्टेरॉन, ज्या पुरुषांच्या अंडकोशांत ते पुरेसं बनत नाही त्यांना लिहून दिलं जातं. म्हणजे चारही औषधं त्या टेबलावर रोज लिहिली जातात. अडतं ते समोर कोण बसलंय हे बघितल्यावर. ‘हे माझ्याकडे होत नाही’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘हे मला कुणी शिकवलं नाही’ एवढाच असतो.

शिकवलं नाही हेही खरंच. आपल्याकडे डॉक्टरांच्या पिढ्यान् पिढ्यांना पारलिंगी माणूस पहिल्यांदा भेटला तो न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकात, गुन्ह्यांच्या आणि विकृतींच्या धड्यात. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी हा विषय उचलून धरला, तेव्हा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने पुस्तकं दुरुस्त करायला सांगितलं. पुढच्या वर्षी समलिंगी वा पारलिंगी माणसाला ‘बरं’ करण्याचे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं गेलं. आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याच आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात जुन्या गोष्टी परत डोकावल्या! ओरड झाली, अभ्यासक्रम मागे घेऊन सप्टेंबरात सुधारला. ही ये-जा डोळ्यांपुढे ठेवली, तर एखादा पन्नाशीचा डॉक्टर गोंधळलेला का दिसतो ते समजतं. माफ करायलाच हवं असं नाही.

हा शोध जुना आहे. १९५२च्या डिसेंबरात न्यू यॉर्कच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर क्रिस्टीन योर्गेन्सन हिची बातमी छापली. अमेरिकी सैन्यात नोकरी केलेली, पुरुष म्हणून वाढवली गेलेली ही व्यक्ती कोपनहेगनला जाऊन उपचार घेऊन स्त्री झाली होती. तिच्यावर उपचार करणारे होते ख्रिश्चन हॅम्बर्गर, हार्मोनचेच डॉक्टर. बातमी जगभर पसरली आणि हॅम्बर्गर यांच्या टेबलावर पत्रांचा ढीग लागला. मलाही असंच वाटतं, माझ्यावर उपचार कराल का, असं विचारणारी ४६५ माणसं त्यांनी मोजली आणि १९५३ साली त्यांच्यावर शोधनिबंध लिहिला. डेन्मार्कमधल्या एका डॉक्टरचं नाव वर्तमानपत्रात वाचून इतक्या जणांनी पत्रं लिहिली, कारण जवळपास विचारावं असं दुसरं कुणी नव्हतं.

त्याच्याही आधीची गोष्ट मायकेल डिलनची. हा इंग्रज ट्रान्स पुरुष १९३९ साली जॉर्ज फॉस नावाच्या डॉक्टरकडे गेला. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत बनू लागून जेमतेम चार वर्षं झाली होती आणि बायकांच्या अतिरक्तस्रावावर ते चालतं का, हे फॉस बघत होते. त्यांनी डिलनला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडलं. त्या तज्ज्ञाने ऐकलेलं पोटात ठेवलं नाही. कुणाकुणाच्या तोंडून गोष्ट डिलनच्या कामाच्या ठिकाणी पोचली आणि त्याला तिथून निघावं लागलं. फॉसही कचरले, गोळ्या त्याच्या हाती ठेवून त्यांनी पुढचं त्याच्यावर सोडलं. डिलन पुढे स्वतः डॉक्टर झाला, जहाजांवर नोकरी केली. १९५८ साली वर्तमानपत्रांनी त्याचं बिंग फोडल्यावर तो भारतात आला, बौद्ध भिक्खू झाला आणि १९६२ साली डलहौसीला वारला.

डिलनचे दोन्ही डॉक्टर आजही भेटतात. ऐकलेलं बाहेर सांगणारा एक, आणि गोळी देऊन हात झटकणारा दुसरा. चांगला डॉक्टर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी या दोघांपासून सुरुवात करतो.

योर्गेन्सनच्या गोष्टीतही एक बारीक तपशील आहे. कोपनहेगनला जाण्याआधी तिने औषधाच्या दुकानातून एथिनिल एस्ट्रॅडिओल मिळवलं होतं, आपण वैद्यकीय साहाय्यकाचं शिक्षण घेतो अशी बतावणी करून. डॉक्टर नाही, चाचणी नाही, गोळी मात्र आहे. आता तीच गोळी आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये बघू. माला-डीचं पाकीट हातात घ्या. अठ्ठावीस गोळ्या असतात. त्यांतल्या सात लोहाच्या, त्यांचा आपल्या विषयाशी संबंध नाही. उरलेल्या २१ गोळ्यांपैकी प्रत्येकीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल एस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅम. योर्गेन्सनने मिळवलं होतं तेच रसायन.

डॉक्टर न मिळालेल्या ट्रान्स स्त्रीचा डॉक्टर म्हणजे हे पाकीट. स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, मागताना कुणी कारण विचारत नाही. ‘घरी हवंय’ म्हटलं की झालं. मैत्रीण सांगते रोज दोन घे, गुरुभगिनी सांगते तीन घे, लवकर फरक पडेल. इतक्या स्वस्तात काय काय मिळतं म्हणून हसण्यासारखा हा विषय नाही. गर्भनिरोधनासाठी बनवलेली ही गोळी या कामासाठी बनलेलीच नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेलचा स्वभाव किंचित पुरुषी हार्मोनसारखा असतो, म्हणजे जे दाबायचं आहे त्यालाच थोडा हात देणारा. आणि एथिनिल एस्ट्रॅडिओल १९३८ साली बर्लिनच्या शेरिंग कंपनीत मुद्दाम असं घडवलं गेलं, की पोटातून घेतल्यावर यकृताने ते लगेच मोडून टाकू नये. ते यकृतात टिकतं, तिथे रक्त गोठवणारी प्रथिनं वाढवतं, आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका चढतो. रोज एक गोळी घेणाऱ्या निरोगी तरुण बाईत हा धोका छोटा असतो. दिवसाला तीन-चार गोळ्या, जोडीला सिगारेट किंवा तंबाखू आणि कुठलीच तपासणी नाही, असं गणित झालं की तो छोटा राहत नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, एकदम धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर तडक कॅज्युअल्टी गाठा आणि काय घेत होतात ते सांगा.

आज जगभरच्या मार्गदर्शिका ट्रान्स स्त्रियांना एथिनिल एस्ट्रॅडिओल देऊ नका असं स्पष्ट सांगतात. त्याऐवजी एस्ट्रॅडिओल दिलं जातं, अंडाशयात बनतं तेच. गोळीतून देतात, किंवा त्वचेवर लावायच्या जेलमधून वा पट्टीतून. चाळिशी ओलांडलेल्या किंवा गुठळीचा इतिहास असलेल्या व्यक्तीसाठी त्वचेचा मार्ग बरा, कारण औषध आधी यकृतातून जात नाही. हा फरक ओळखणं हेच डॉक्टरचं काम आहे. मैत्रिणीला तो ठाऊक नसतो. यात तिचा दोष नाही. ती जे करते ते कुणी दार उघडत नाही म्हणून करते.

ट्रान्स पुरुषांकडे हीच कथा जिममधून येते. सस्टॅनॉन २५० हे नाव व्यायामशाळेत जितकं ऐकू येतं तितकं दवाखान्यात येत नाही. एका मिलिलिटरमध्ये टेस्टोस्टेरॉनची चार वेगवेगळी रूपं, काही लवकर काम करणारी, काही सावकाश, आणि ती विरघळवलेली असतात शेंगदाण्याच्या तेलात. ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी हे इंजेक्शन धोक्याचं आहे, आणि हे विचारणारा माणूस जिममध्ये नसतो. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट नावाची साधी चाचणी ते सांगते. आकडा ५०च्या पुढे सरकायला लागला की डॉक्टर लक्ष ठेवतो आणि ५४च्या वर गेला तर डोस कमी करतो किंवा दोन इंजेक्शनांतलं अंतर बदलतो. आरशात बघून हे कळत नाही.

आता शोधायचं कुठे? या प्रकरणात डॉक्टरांची यादी नाही आणि ती मुद्दाम दिलेली नाही. अशा याद्या छापून होईपर्यंत शिळ्या होतात. कल्याण आणि पुण्याचंच बघा. २०२१ साली हैदराबादच्या नारायणगुड्यात ‘मित्र’ नावाचं क्लिनिक निघालं. काउंटरवर, समुपदेशनाच्या खोलीत, सगळीकडे पारलिंगी माणसंच. तिथे नाव पुकारताना कुणी अडखळत नव्हतं. पाठोपाठ कल्याण आणि पुणे इथेही ‘मित्र’ सुरू झालं. खर्च अमेरिकी सरकारच्या मदतीतून चालत होता. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि तिन्ही क्लिनिक बंद पडली. हैदराबादचं पुढे ‘सबरंग’ नावाने देशी पैशावर पुन्हा उभं राहिलं. पत्ता बदलतो, माणूस बदलतो, पैसा आटतो. म्हणून शोधण्याची रीत सांगणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

पहिला मार्ग ज्यांनी ही वाट चालून झाली आहे त्यांचा. मुंबईत १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट, पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी सुरू केलेला समपथिक ट्रस्ट, अशा संस्थांमधल्या माणसांना कोणता डॉक्टर नीट बोलतो, कोण टाळतो, कुणाच्या काउंटरवर त्रास होतो, हे आतून ठाऊक असतं. ही माहिती गूगलच्या पाच ताऱ्यांपेक्षा भरवशाची. दुसरा मार्ग मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांचा. परळच्या केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातही आहे. मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात २०२३ साली तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा वेगळा वॉर्ड सुरू झाला. सरकारी ठिकाणी रांग लांब, विद्यार्थी डॉक्टरांची गर्दी जास्त. पण मानसोपचार, स्त्रीरोग, प्लास्टिक सर्जरी हे सगळे विभाग एकाच आवारात असतात आणि केसपेपर परवडतो.

तिसरा मार्ग फारसा कुणी सांगत नाही. तो म्हणजे जवळचाच फिजिशियन किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ, ज्याची वाचायची तयारी आहे. वाचण्यासारखं आता पुष्कळ आहे. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीची २०१७ची मार्गदर्शिका, डब्ल्यूपॅथ या जागतिक संघटनेची २०२२ची आठवी आवृत्ती, आणि आपल्याकडच्या असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ इन इंडिया या संघटनेने काढलेली भारतीय मानकं. एंडोक्रायनॉलॉजिस्टच पाहिजे असा नियम यांपैकी कुणी घातलेला नाही. हार्मोन उपचारांची माहिती आणि अनुभव असलेला डॉक्टर हवा, एवढंच म्हणणं आहे. माझं मत विचाराल, तर मुंबईच्या नावाजलेल्या तज्ज्ञाकडे वर्षातून एकदा जाण्यापेक्षा, दर तीन महिन्यांनी भेटणारा, मार्गदर्शिका उघडून बघणारा आणि अडलं तर मोठ्या डॉक्टरला फोन करणारा जिल्ह्यातला फिजिशियन बरा. मधुमेह, हृदयरोग, यकृताचा आजार, आधी झालेली गुठळी असं काही मागे लागलेलं असेल, तेव्हा मात्र तज्ज्ञच हवा.

अपॉइंटमेंट घेण्याआधी एक फोन करा. ‘डॉक्टर ट्रान्सजेंडर पेशंटना हार्मोन थेरपी देतात का? याआधी दिली आहे का?’ असं सरळ विचारा. ‘विचारून सांगते’ हे उत्तर चांगलं समजा. ‘डॉक्टर सगळंच बघतात’ हे उत्तर मला आवडत नाही, त्याचा अर्थ काउंटरला प्रश्न कळलेला नाही. लगेच दुसरी विनंती : केसपेपरवर कागदोपत्री नाव असू दे, पण हाक मारताना आडनावाने मारा किंवा टोकन नंबर पुकारा. बहुतेक ठिकाणी हे होतं, कारण त्यात कुणाचंच काही जात नाही. डॉक्टरची नोंदणी खरी आहे का, हे महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदीत तपासता येतं. ‘हार्मोन स्पेशालिस्ट’ अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे ती पदवी असतेच असं नाही.

पहिल्या भेटीत बहुतेक डॉक्टर एक कागद मागतात, मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र. पारलिंगी समाजात त्याला ‘जीडी सर्टिफिकेट’ म्हणतात. जेंडर डिस्फोरिया, म्हणजे शरीर आणि ओळख न जुळण्याचा त्रास. या पत्रावरून बरेच खटके उडतात. मी वेडी आहे का, हा प्रश्न रास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ही बाब मानसिक आजारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात हलवली आहे. २०२२च्या जागतिक मानकांनीही पत्रांचा बोजा कमी केला. तरी आपल्याकडचा डॉक्टर पत्र मागतो ते बरेचदा स्वतःच्या बचावासाठी, उद्या घरच्यांनी येऊन गोंधळ घातला तर हातात काही असावं म्हणून. एक-दोन भेटींत बोलून, समजून पत्र देणारा मानसोपचारतज्ज्ञ मिळाला तर वाद घालण्यापेक्षा ते घेऊन टाका. सहा महिने भेटीमागे भेट लावणारा, आईवडिलांना आणल्याशिवाय सज्ञान माणसाशी बोलणार नाही म्हणणारा, किंवा ‘लग्न करा, ठीक होईल’ सांगणारा भेटला, तर दुसरा शोधा. अठराच्या खालच्या मुलांचं वेगळं आहे. तिथे पालक, बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ सगळ्यांना बरोबर घेऊनच जावं लागतं. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं तृतीयपंथी प्रमाणपत्र हा निराळा कागद. तो ओळखीचा. हे दोन कागद पुष्कळांच्या डोक्यात एक होऊन बसतात.

डॉक्टर नीट काम करतो आहे हे ओळखण्याची एक सोपी खूण : तो औषध लिहिण्याआधी रक्त मागतो. हिमोग्लोबिन, यकृत, मूत्रपिंड, साखर, चरबी, टेस्टोस्टेरॉन, एस्ट्रॅडिओल, प्रोलॅक्टिन. रक्तदाब आणि वजन घेतो. घरात कुणाला गुठळी, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग झाला होता का, विचारतो. आणि मुलांबद्दल विचारतो. हा प्रश्न विशीतल्या कुणालाच नको असतो, पण तो न विचारणाऱ्या डॉक्टरवर मी कमी विश्वास ठेवीन. एस्ट्रोजेनने शुक्राणू बनणं थांबतं आणि नंतर ते परत येतीलच याची हमी नाही. पुढे स्वतःचं मूल हवं असेल तर शुक्राणू किंवा स्त्रीबीजं गोठवून ठेवण्याची चौकशी पहिल्या गोळीआधी करायची. ट्रान्स पुरुषांबाबत उलटा गैरसमज आहे. टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबते, सहसा दोन ते सहा महिन्यांत, पण ते गर्भनिरोधक नाही.

मग तो काय होईल आणि काय होणार नाही हे सांगतो. ट्रान्स स्त्रीच्या छातीत तीन ते सहा महिन्यांत फरक जाणवू लागतो, पूर्ण वाढीला दोन-तीन वर्षं जातात. आवाज बदलत नाही, दाढी जात नाही. त्यासाठी आवाजाचा सराव आणि लेसर. ट्रान्स पुरुषाचा आवाज साधारण सहा ते बारा महिन्यांत फुटतो आणि तो परत बारीक होत नाही, औषध सोडलं तरी. दाढी भरायला चार-पाच वर्षं लागू शकतात. डोस दुप्पट केल्याने यांतलं काहीही निम्म्या वेळात होत नाही. पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, नंतर वर्षातून एक-दोनदा. ट्रान्स स्त्रीमध्ये एस्ट्रॅडिओल १०० ते २०० आणि टेस्टोस्टेरॉन ५०च्या खाली, ट्रान्स पुरुषात टेस्टोस्टेरॉन ४०० ते ७००च्या आसपास, असं लक्ष्य धरतात. स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम बघितलंच पाहिजे.

रिपोर्ट हाती आला की एक गंमत होते. लॅबच्या फॉर्मवर स्त्री किंवा पुरुष यांपैकी एका चौकोनात खूण केलेली असते आणि संगणक त्याच चौकोनाप्रमाणे ‘नॉर्मल’ ठरवतो. पुरुष म्हणून नोंद असलेल्या ट्रान्स स्त्रीचं टेस्टोस्टेरॉन ३० आलं, म्हणजे डॉक्टरला हवं होतं अगदी तेवढं, की त्याच्यासमोर ठळक अक्षरांत ‘लो’ छापून येतं. रात्री अकराला पीडीएफ उघडून घाबरणारे अनेक. लॅबवाला चुकलेला नाही, त्याला कुणी सांगितलं नाही एवढंच. कुठला आकडा कुणाच्या पट्टीने मोजायचा, हे डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं.

गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून हे सगळं कसं जमायचं? मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांमुळे व्हिडिओवर तपासून चिठ्ठी देता येते. पहिली भेट प्रत्यक्ष, मग तीन महिन्यांचे रिपोर्ट गावातल्या लॅबमधून, बोलणं व्हिडिओवर, इंजेक्शन गावातल्या डॉक्टरकडून किंवा नर्सताईंकडून, अशी घडी बसते. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, नाहीतर मेडिकलवाला औषध देत नाही आणि ते बरोबरच आहे.

पैशाचं थोडक्यात. २०१९च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क कायद्याच्या १५व्या कलमाने हार्मोन उपचार आणि समुपदेशनाची सोय करणं, त्यांचा खर्च विम्यात आणणं सरकारवर टाकलं. २०२२ साली आयुष्मान भारतमध्ये तृतीयपंथीयांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या संरक्षणाची घोषणा झाली. कागदावर हे उत्तम आहे. महिन्याच्या गोळ्यांचं बिल मात्र अजून बहुतेक जण खिशातूनच भरतात, आणि ते आधीच धरून चालावं.

पहिल्या भेटीला जाताना जुने रिपोर्ट, चालू औषधांची नावं आणि विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहून न्या. आत गेल्यावर निम्मे आठवत नाहीत. जमलं तर सोबत कुणाला तरी न्या, बाकावर शेजारी बसायला. आणि आजवर स्वतःच्या मनाने जे काही घेतलं असेल, माला-डी असो की जिममधलं इंजेक्शन, त्याची रिकामी पाकिटं आणि बाटल्या फेकू नका. पिशवीत घाला आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवा. डॉक्टर रागावले तरी दाखवा.